टोकन नंबर नऊ

तेवीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवतो आहे आणि या तेवीस वर्षांत माझा एकही विद्यार्थी माझ्याशी इंग्रजीत बोललेला नाही. याची मला लाज वाटत नाही, कारण प्रश्नपत्रिकेत बोलण्याला गुण नसतात. कर्तरीचं कर्मणी मात्र माझी मुलं झोपेतसुद्धा करतात. त्यांतला एक पुढे परदेशी गेला. सुटीवर आला तेव्हा म्हणाला, "सर, तिकडे दोन वर्षांत कुणी कर्मणी विचारलंच नाही." यात दोष अर्थातच तिकडच्या लोकांचा आहे.

हे सांगायचं कारण असं, की एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता माझी बायको म्हणाली, "मी इंग्रजी बोलायचा क्लास लावते आहे. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाच्या वर."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. ज्या घरात इंग्रजीचा मास्तर आठवड्याचे सातही दिवस हजर असतो, त्या घरातली बाई इंग्रजीसाठी चष्म्याच्या दुकानाचा जिना चढणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. शिवाय चौकातून जाणारा येणारा प्रत्येक माणूस तिला त्या जिन्यावर बघणार आणि 'दिव्याखाली अंधार' म्हणणार. त्यातला दिवा कोण हे सांगायला नकोच.

बायको पाणीपुरवठा कार्यालयात आहे. खिडकी क्रमांक तीन, तक्रारी. सतरा वर्षं ती गावाच्या शिव्या एका चौकोनी भोकातून ऐकते आहे. आता मुख्य कार्यालयात जनसंपर्क सहायकाची जागा निघाली होती, आणि तिथे बाहेरून येणाऱ्या अभियंत्यांशी बोलावं लागतं म्हणून मुलाखत इंग्रजीत होती. चार वर्षांपूर्वी ती अशाच एका मुलाखतीला जाऊन आली होती. आदल्या दिवशी मी स्वतः तिची तयारी करून घेतली होती. तिने ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यातच मी तिला अकरा वेळा सुधारलं. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत तिने आपलं नाव सांगितलं आणि पुढे काहीच सांगितलं नाही. नाव बिनचूक सांगितलं होतं, हे मी तेव्हाही सर्वांच्या नजरेला आणून दिलं होतं. या खेपेनंतर मात्र वयाची अट ओलांडली जाणार होती. म्हणजे संधी शेवटची, आणि हातात तीन आठवडे.

"मी असताना बाहेर क्लास?" मी म्हणालो.

"तुम्ही असता म्हणूनच," ती म्हणाली, आणि देठं गोळा करून उठली.

आता योगायोग पाहा. गेल्याच महिन्यात आमच्या शाळेने मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. माझी निवड गुणवत्तेवर झाली होती, म्हणजे बाकीच्या शिक्षकांनी आधीच रजा टाकल्या होत्या. विषय होता मुलांना इंग्रजी बोलतं करण्याचा. फळा नको, व्याकरण नको, मुलांना दोघादोघांत बसवायचं आणि काहीतरी काम द्यायचं. एकाच्या कागदावर अर्धी माहिती, दुसऱ्याच्या कागदावर उरलेली अर्धी, आणि एकमेकांना विचारल्याशिवाय काम पुरं होणारच नाही अशी व्यवस्था करायची. तिथे एक पुस्तिका मिळाली. तिच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'शिकणारा बोलत असताना त्याला मध्ये थांबवू नका. चुका टिपून ठेवा आणि शेवटी सांगा.' एवढं गंभीर वाक्य सरकारी कागदावर क्वचितच सापडतं, म्हणून मी त्याखाली लाल रेघ मारली आणि पुस्तिका कपाटात ठेवली.

तीच मी बाहेर काढली. चष्म्याच्या दुकानाला आठ दिवस थांबायला सांग, असं मी बायकोला बजावलं.

पहिला प्रयोग बाहेरच्या खोलीत झाला. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसलो. तिच्याकडे एका खोलीचं चित्र, माझ्याकडे कोरा कागद. तिने इंग्रजीत वर्णन करायचं आणि मी ऐकून तीच खोली काढायची, इतकं सोपं. तिने सांगितलं की खोलीत एक टेबल आहे. मी म्हणालो, "'अ टेबल'. 'अ' कुठे गेला?" तिने 'अ' घातला. टेबलावर दिवा आहे म्हणाली. मी म्हणालो, "पूर्ण वाक्यात सांग." तिने पूर्ण वाक्यात सांगितलं. त्या वाक्यात दोन चुका होत्या, त्या मी सांगितल्या. नऊ मिनिटांनी माझ्या कागदावर एक टेबल होतं आणि त्याला तीन पाय होते. बायको गॅस बंद करून येते म्हणून उठली ती आलीच नाही. गॅस मुळात चालू नव्हता.

लेक कॉलेजातून आली होती आणि दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, पहिल्या पानावर काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"वाचलंय. लाल रेघही मारली आहे."

"मग आईला एकटीला नका धरू. दहा जण जमवा. दहांच्या चुका काढताना निदान थकाल तरी."

सूचना उद्धट होती, पण शास्त्रशुद्ध होती. मी इमारतीत फिरलो. आमच्या इमारतीत कुणाला इंग्रजी येत नाही असं नाही. लिफ्ट बंद पडली की प्रत्येक जण त्याच भाषेत चिडतो. पण शिकायला या म्हटल्यावर प्रत्येकाने आधी मलाच शिकवलं. केमिस्ट म्हणाला, आरशासमोर बोलावं, त्याच्या साडूला त्याने गुण आला. केमिस्टच्या बायकोने आरशाचा साडूवर झालेला परिणाम वेगळा सांगितला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, बातम्या आवाज बंद करून बघाव्या आणि आपण बोलावं. निवृत्त पोस्टमास्तरांनी सांगितलं की भाषा पोटातून आली पाहिजे, आणि पोटाच्या इतर तक्रारींकडे वळले. शेवटी सगळे यायला तयार झाले, कारण संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात आमच्या गल्लीत वीज जायची आणि तळमजल्यावरच्या हॉलला जनरेटर होता.

हॉल सेक्रेटरींच्या ताब्यात होता. हा माणूस स्वतःच्या घरात शिरतानाही वहीत नोंद करत असावा. त्यांनी माझ्यापुढे अर्ज ठेवला. हॉल कशासाठी हवा, या रकान्यात तीनच चौकोन होते. सर्वसाधारण सभा, वाढदिवस आणि शोकसभा.

"क्लासचा चौकोन नाही," मी म्हणालो.

"क्लासला हॉल देता येत नाही."

"मग?"

"तुम्हीच ठरवा. यांपैकी तुमचं काय आहे?"

लेकीचं मत शोकसभेकडे झुकत होतं. मी सभेवर खूण केली. सेक्रेटरींनी ताबडतोब कळवलं की सभा म्हटली की दहा जणांची गणसंख्या लागते, विषयपत्रिका लागते आणि मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करावं लागतं. गणसंख्येसाठी मी लोक मोजले. आम्ही तिघं, केमिस्ट नवराबायको, काकू, पोस्टमास्तर, पहिल्या मजल्यावरचे बँकेतले दोन भाऊ, जे चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि स्वतः सेक्रेटरी, कारण त्यांच्याशिवाय कुलूप उघडत नव्हतं. बरोबर दहा. एकही कमी झाला तर इंग्रजी बेकायदेशीर ठरणार होतं.

पहिल्या सभेचं काम पुस्तिकेतलं सर्वांत सोपं म्हणून मी निवडलं. प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर दहा गोष्टी. पहाटे उठणारा माणूस शोधा, पोहता येणारा माणूस शोधा, वगैरे. प्रत्येकाने हॉलभर फिरायचं, इंग्रजीत विचारायचं आणि हो म्हणणाऱ्याची त्या ओळीपुढे सही घ्यायची. अर्धा तास पुरेल असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आमच्या इमारतीने ते तीन मिनिटांत संपवलं. सगळ्यांनी कागद टेबलावर ओळीने मांडले, प्रत्येक जण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सह्या करत गेला, आणि सुरुवातीच्या 'हाउ आर यू'नंतर एक अक्षर न बोलता काम पूर्ण झालं. नोकऱ्या करून हात तयार झालेले होते. पोस्टमास्तरांनी तर तारीखही घातली. काकूंना पोहता येतं, त्या गुहेत राहिलेल्या आहेत आणि त्यांना चार भाऊ आहेत, हे त्यांनी स्वतःच्या सहीने मान्य केलं होतं. काकू एकुलत्या एक आहेत.

दुसऱ्या सभेची सुरुवात इतिवृत्ताने झाली. सेक्रेटरींनी उभं राहून वाचलं, "सदस्य क्रमांक चार यांनी 'आय ॲम फाइन' असे मत मांडले. त्यास सदस्य क्रमांक सात यांनी अनुमोदन दिले. ठराव एकमताने मंजूर." वीस मिनिटं यात गेली. मग मी जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या आणि अर्थातच बँकेतले दोन भाऊ एकमेकांसमोर आले. त्यांना दोन वेगवेगळी वेळापत्रकं देऊन एकमेकांना विचारून पुरी करायची होती. धाकटा केमिस्टला म्हणाला, "यांना विचारा, गाडी किती वाजता." केमिस्टने मराठीत विचारलं. थोरला केमिस्टला म्हणाला, "त्याला सांगा, सव्वापाचला." अशा रीतीने केमिस्टचं मराठी संभाषण खूपच सुधारलं.

बाकीचे मात्र बोलत होते, हे मला कबूल केलं पाहिजे. कसंही, मोडकंतोडकं, हातवारे करून, पण बोलत होते. बायकोही काकूंशी बोलत होती आणि एकदा तर चक्क हसली. मी पुस्तिकेचा मान राखून कुणालाही थांबवलं नाही. फक्त एका वहीत लाल पेनने चुका टिपत राहिलो. उरलेल्या वेळात त्रेसष्ट. आणि 'शेवटी सांगा' या आदेशाचं पालन म्हणून शेवटी त्या सगळ्या, फ्लॅटच्या नंबरासकट, मोठ्याने वाचून दाखवल्या. सर्वांत जास्त चुका आमच्याच फ्लॅटच्या निघाल्या. मी पक्षपात करत नाही हे लोकांना दिसावं, एवढाच माझा हेतू होता.

तिसऱ्या सभेला इतिवृत्तात 'सदस्यांचा अवमान झाल्याबद्दल तीव्र नाराजी' अशी नोंद होती आणि तिला अनुमोदन द्यायला आठ हात वर गेले. माझी लेक त्यांत होती. त्यानंतर कुणीही तोंड उघडलं नाही. पोस्टमास्तर आपली वाक्यं घरून लिहून, नातवाकडून तपासून घेऊन आले होते आणि समोरच्याने काहीही विचारलं तरी क्रमाने तीच वाचत होते. बायको भिंतीकडे बघत बसली होती. मी तिच्याकडे बघून 'बोल की' अशी खूण केली. तिने जागा बदलली.

मुलाखतीला चार दिवस राहिले होते. मी शाळेतून आलो तेव्हा बायको गॅलरीत फोनवर होती, खिडकी क्रमांक चारच्या मैत्रिणीशी. मी चपला काढत होतो, तिला माझी चाहूल लागली नव्हती.

"मी अर्ज मागे घेते गं," ती म्हणत होती. "नाही, तयारीचं नाही. वाक्य तयार असतं. पण पहिला शब्द काढला की हे मधे येतात. आता तर हे समोर नसले तरी मधे येतात."

मी एक चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. तेवीस वर्षांत माझ्या शिकवण्याचा इतका खोल परिणाम झाल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं, आणि ते असं निघावं. मी पुन्हा बाहेर गेलो, जिना अर्धा उतरलो आणि मोठ्याने खोकत वर आलो.

त्या संध्याकाळी मी पुस्तिका पहिल्यांदाच पूर्ण वाचली. अकराव्या पानावर लिहिलं होतं, शिकणाऱ्याला त्याच्या रोजच्या कामातला प्रसंग द्या. मग मी शेवटच्या सभेची विषयपत्रिका लिहिली. विषय एकच, तक्रार खिडकी. बायको खिडकीत बसणार, बाकी आम्ही नऊ जण गाऱ्हाणं घेऊन जाणार. तिला सांगितलं. मग तिने विचारलं, "वही आणणार का?"

"नाही."

"लाल पेन?"

"ते खिशालाच असतं. पण काढणार नाही."

मुलाखतीला दोन दिवस होते. हॉलमध्ये तिने टेबल आडवं लावून घेतलं, सूचनाफलक उलटा करून त्यावर उभा केला आणि मागे बसली. पिशवीतून तिने एक डबा काढला. त्यात पितळी टोकनं होती, एक ते पन्नास, कडा झिजलेली. कार्यालयात यंत्र आल्यावर ही भंगारात निघाली होती, ती तिने मागून घेतली होती हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. ती त्या फलकामागे बसली आणि तिचे खांदे खाली आले. घरात मी तिला तशी बसलेली पाहिलेली नाही.

प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून सर्वांत आधी मीच पुढे गेलो. मास्तरची सवय. म्हणालो, पाच दिवस पाणी नाही. 

"टोकन?" ती म्हणाली.

"अगं, मी फक्त दाखवतोय सगळ्यांना..."

"नो टोकन, नो कंप्लेंट, सर. टेक टोकन अँड सिट."

इंग्रजीत 'अहो' नाही, ही त्या भाषेची मोठी उणीव मला त्या क्षणी जाणवली. बाकीच्यांनी एव्हाना डब्यातले एक ते आठ नंबर उचलले होते. माझ्या वाट्याला नऊ नंबर आला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

मग पहिला नंबर लागला. काकू. काकूंच्या नळाला खरोखरच गढूळ पाणी येत होतं, त्यामुळे त्यांना सोंग करावं लागलं नाही. त्यांनी तीन इंग्रजी शब्द आणि उरलेले हातवारे यांत सगळं सांगितलं. बायकोने विचारलं, किती दिवस, सकाळी की संध्याकाळी, शेजाऱ्याकडेही आहे का. भराभर. त्यात एक चूक होती, मोठी, भूतकाळाची. माझ्या तोंडून गेलंच, "डिडन्ट कम. 'केम' नाही."

तिने मान वर केली नाही. "सर, वेट फॉर युअर नंबर," ती म्हणाली. "यू केम फॉर वॉटर ऑर फॉर ग्रामर?"

हॉल हसला. सेक्रेटरी हसले, जे इतिवृत्तात येणार नव्हतं. माझे कान गरम झाले. उठून जावं असं वाटलं, पण मी उठलो असतो तर गणसंख्या मोडली असती. म्हणून बसलो, आणि बसल्यावर दुसरा काहीच उद्योग नसल्यामुळे ऐकू लागलो.

दोन नंबर, तीन नंबर, चार. पोस्टमास्तरांनी कागद काढला, तिने हात पुढे करून तो काढून घेतला आणि म्हणाली, "नाउ टेल." त्यांनी सांगितलं. बँकेतला धाकटा आला आणि म्हणाला की थोरल्या भावाने पाइपाला चोरून पंप लावला आहे. मागून थोरला ओरडला, इंग्रजीत, की पंप वडिलांच्या वेळचा आहे. धाकट्याने वळून त्याला इंग्रजीत उत्तर दिलं. चार वर्षांत ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, आणि जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण व्याकरण जवळजवळ बरोबर होतं. बायकोने दोघांचं ऐकून घेतलं. कुणालाही मधे थांबवलं नाही. ते दमले तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की दोघांच्याही घरी माणूस पाठवते.

पाऊण तास ती बोलत होती. चुका होत होत्या. पहिल्या दोनतीन मी मोजल्या, मग माझं लक्ष ती काय म्हणते आहे तिकडे गेलं आणि मोजायचं राहून गेलं. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, की ऐकणं आणि मोजणं एकाच वेळी जमत नाही. कदाचित पुस्तिकेच्या बाराव्या पानावर असेल.

आठवा नंबर सेक्रेटरींचा होता. तो संपला आणि मी उठून शर्ट नीट केला. तेवढ्यात सेक्रेटरींनी घड्याळ बघून साडेसात झाल्याचं जाहीर केलं. बायकोने फलक सुलटा केला आणि डब्याचं झाकण लावलं.

"विंडो क्लोज्ड, सर," ती म्हणाली. "कम अगेन."

टोकन माझ्याच खिशात राहिलं.

मुलाखतीच्या दिवशी ती एकटीच गेली. सोडायला येऊ का, असं मी विचारलं नाही, आणि हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत कठीण व्याकरण होतं. संध्याकाळी ती आली, चहा टाकला, काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. आठ दिवस आम्ही दोघांनी हे पाळलं. या आठ दिवसांत मला लाल पेन तीन वेळा धुवावं लागलं, कारण खिशात धरून धरून त्याची शाई बोटांना लागत होती.

नवव्या दिवशी पत्र आलं. निवड झाली होती.

बातमी इमारतीत पसरायला जिन्याएवढाही वेळ लागला नाही. केमिस्ट म्हणाला, आरसा. काकू म्हणाल्या, बातम्या. सेक्रेटरींनी या यशाचं श्रेय नियमित इतिवृत्ताला दिलं आणि तसा ठराव मांडला. मी जिन्यात उभा राहून, पद्धतशीर अध्यापनाला पर्याय नाही, अशा अर्थाचं काही बोलायला लागलो होतो. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि मी पुढे बोललो नाही.

लोक गेले. बायको स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती, समोर ते पत्र.

"विचारा की आता," ती म्हणाली.

"कशी झाली?"

तिने सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. मधला जाडा साहेब प्रश्न विचारायचा आणि उत्तर अर्धं झालं की तोडायचा. दोनदा तिने सहन केलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, सर, प्लीज वेट, आय ॲम नॉट फिनिश. साहेब थांबले. शेवटपर्यंत थांबले. मग त्यांनी विचारलं की इतका धीर कुठून आला, तर तिने सांगितलं, घरी सराव असतो.

'फिनिश्ड' हवं होतं. मी काही बोललो नाही. ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली, तरी मी काही बोललो नाही.

मग तिने पत्राची घडी घातली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली, ताठ, आणि माझ्या डोक्यावरून मागे कुणी रांगेत असल्यासारखं बघत म्हणाली, "नंबर नाइन."

मी खिशात हात घातला. टोकन तिथेच होतं. दहा दिवस मी ते प्रत्येक शर्टातून दुसऱ्या शर्टात घालत आलो होतो, का ते मला सांगता येणार नाही. मी ते तिच्यापुढे ठेवलं.

"येस, सर. व्हॉट इज युअर कंप्लेंट?"

चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली, आणि अकरा ही संख्या. इंग्रजीचे सगळे काळ मला पाठ आहेत, त्यांतला एकही धावून आला नाही.

"सॉरी," मी म्हणालो.

बायकोने टोकन उचललं, डब्यात टाकलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"फुल सेंटेन्स, प्लीज," ती म्हणाली.